चौथा रकाना

३ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

आशीर्वाद देते. ते द्यायला तुझी परवानगी लागत नाही.

तुझं कार्ड पोचलं. चार महिन्यांनी आईला पाच ओळी. त्यांतल्या तीन पत्त्याच्या आणि दोन धमकीच्या. 'मम्मी, हा पत्ता त्याला कळता कामा नये. कळला तर या वेळी मला निसटता येणार नाही.' निसटता! जशी काही तुरुंगाची भिंत फोडून गेलीस. हवेशीर तीन खोल्या, लिफ्ट तपासणारा इंजिनियर नवरा, दारू नाही, जुगार नाही, आवाज चढलेला मी आजतागायत ऐकला नाही. आणि तू एका सकाळी गॅसवर दूध ठेवून चालती झालीस. दूध उतू गेलं, पातेलं जळून काळं झालं. ते त्याने घासून घासून लख्ख केलं आणि मला दाखवायला घेऊन आला. तक्रार म्हणून नाही. 'तिला आवडायचं हे पातेलं,' एवढंच म्हणाला.

पत्त्याबद्दल निश्चिंत राहा. चौतीस वर्षं वॉर्डची मुख्य सिस्टर होते. कोणत्या खाटेवर कोणता आजार झोपला आहे हे तुझ्या बाबांनासुद्धा कधी सांगितलं नाही, आणि ते तर खोदून खोदून विचारायचे. तुझा पत्ता माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवतेस म्हणे. पत्त्यात 'वरची खोली' असं लिहिलं आहेस, म्हणजे झोपतेसही तिथेच. जगाच्या तोंडात दात बसवतेस आणि आईपुढे मात्र तुझी दातखीळ बसते. छान.

आता माझी बातमी. माझ्याकडे कुत्रं आलं आहे. जिने तुला लहानपणी मांजराचं पिल्लू जिन्याच्या वर आणू दिलं नाही, ती मी आता दिवसातून आठ वेळा अडीच महिन्यांच्या एका प्राण्यापुढे उभी राहून 'कर रे बाबा' अशी विनवणी करते. जावयाने आणून दिलं. तू गेल्यावर त्याने सोबतीला म्हणून घेतलं होतं, तीन आठवडे सांभाळलं, मग ड्युटीमुळे जमेना. 'तुम्हीही एकट्याच असता, आई. आणि शिस्त लावावी तर तुम्हीच.' खरं बोलणाऱ्यावर रागावता येत नाही.

नाव बारक्या. रंग तपकिरी, कान मोठे, पाय त्याहून मोठे. उसने घेतल्यासारखे दिसतात. लशी पुऱ्या झालेल्या नाहीत म्हणून रस्त्यावर न्यायचं नाही, शिवाय तिसरा मजला आणि माझा गुडघा. तेव्हा गॅलरीत ट्रे, ट्रेमध्ये जुनं वर्तमानपत्र. झोपून उठला की गॅलरी, खाल्लं की गॅलरी, खेळून झालं की गॅलरी. जागेवर केलं की शाबासकी आणि बिस्किटाचा तुकडा. भलतीकडे केलं तर ओरडणं नाही, नाक घासणं नाही. गुपचूप पुसायचं आणि व्हिनेगरचं पाणी फिरवायचं. चादर ओली केली म्हणून पेशंटला मी कधी बोलले नाही. बोलले ते नर्सला, वेळेवर भांडं दिलं नाही म्हणून.

आणि तक्ता केला आहे. आपला वॉर्डातलाच, पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा. तीन रकाने: वेळ, आत, बाहेर. चार दिवसांत स्वारी ट्रेवर जाऊ लागली. त्यातही संपादकीय पान पसरलं तर लगेच; खेळाच्या पानावर नुसताच बसून राहतो. त्याची मतं मला पटतात.

खोड एकच. मधूनच, कशाचा कशाला मेळ नसताना, चमचाभर. नुकताच ट्रेवर जाऊन आलेला असतो आणि दिवाणखान्याच्या मधोमध ओल. वेळेचा काही ताळमेळ लागत नाही. लागेल. मी शिकाऊ डॉक्टर सरळ केले आहेत, हे तर कुत्रं.

टपालपेटी दोन चौक लांब आणि गुडघा सुजून टम्म. बघते कुणाकडे देते हे पत्र.

घरी ये. निदान भांडायला तरी ये.

मम्मी


१२ फेब्रुवारी

ठमे,

उत्तर नाही. मी वाट बघत नव्हतेच.

मागचं पत्र त्यानेच पेटीत टाकलं. किंचाळू नकोस, आधी ऐक. रविवारी आला होता. निघताना म्हणाला, "आई, टपालात काही टाकायचंय? मी तिकडूनच जातोय." पाकीट मी टेबलावर पत्ता खाली करून ठेवलं होतं. त्याने ते तसंच उचललं, उलटंच, आणि उलटंच खिशात घातलं. नजर सगळा वेळ खिडकीबाहेर. आमच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये सिस्टर मुलींची पत्रं फोडून वाचायच्या. पंधराव्या वर्षी मी ठरवून टाकलं होतं की माणूस ओळखायचा तर दुसऱ्याच्या पाकिटाशी तो कसा वागतो त्यावरून. मी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले.

बसण्याआधी 'बसू का' विचारतो. मी उठले की उठतो. आपली कपबशी आपण विसळून पालथी घालतो. तुझ्या बाबांना कपबशी पालथी कशी घालतात हे मरेपर्यंत कळलं नाही. लिफ्टचा इंजिनियर असून येतो मात्र जिन्याने. "लिफ्टच्या पोटात काय असतं ते मी पाहिलंय, आई," म्हणतो. मला हसू आलं. रबरी तळव्याचे बूट, घंटा वाजेपर्यंत आल्याचा पत्ता लागत नाही. खाली शिंपीणबाई राहते, तिचा नवरा जिना चढतो तेव्हा भिंतीवरची घड्याळं हलतात. फरक असतो माणसामाणसांत.

तू सुजलेलं मनगट घेऊन आलीस तो दिवस तू मनात धरून ठेवला आहेस हे मला ठाऊक आहे. मी मनगट बांधलं, चहा दिला, आणि भांड्याला भांडं लागतंच असं म्हणून परत पाठवलं. दुसरं काय म्हणायला हवं होतं? पहिल्यांदा तूच म्हणालीस जिन्यात पडले. तोही तेच म्हणाला. मग तासाभराने तू शब्द फिरवलास. म्हणालीस, तो ओरडत नाही मम्मी, तो आधी अगदी हळू बोलतो, 'इकडे ये, काही करत नाही मी' असं म्हणतो, तेव्हाच समजायचं. आता हळू बोलण्याबद्दल कुणाला शिक्षा झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

असो. बारक्या. ट्रेचा हिशेब उत्तम. सकाळी सहाला, नऊला, दुपारी जेवण झाल्यावर, घड्याळ लावून घ्यावं. पण ती चमचाभर खोड वाढली आहे. शुक्रवारी सकाळी दहा वीस. रविवारी अकरा दहा. काल दुपारी चार पस्तीस. तीन दिवस, तीन वेळा, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. शुक्रवारी तर घरात चिटपाखरू नव्हतं. मी भाजी निवडत होते, तो माझ्या पायाशी चप्पल चावत होता. एकदम थांबला. कान मागे, पोट जमिनीला, तोंड दाराकडे. खाली ओल. घंटा वाजली नाही, कुणी आलं नाही. दहा मिनिटं जागचा हलला नाही, मग पुन्हा चप्पल. मी लिहिलं, 'कारण नाही.' असा शेरा मी उभ्या आयुष्यात कुणाच्या कागदावर लिहिलेला नाही. लाज वाटली.

काल जावई आला तेव्हा त्याला सांगितलं तर म्हणाला, "माझ्याकडेही असंच करायचा. घाणेरडी जात." मग कपबशी पालथी घालत म्हणाला, "शिकेल. सगळे शिकतात."

संध्याकाळी तो येणार आहे. हे पत्र त्याच्याच हाती देते. माझा गुडघा बरा होईपर्यंत तुझी ही भानगड त्यानेच वाहायची, बिचाऱ्याने, पत्ता न बघता.

मम्मी


२१ फेब्रुवारी

ठमे,

तुझं कार्ड आलं. या वेळी एकच ओळ. प्रगती आहे! 'तुझ्या पाकिटाची कड दोनदा चिकटवलेली आहे, पत्र पेटीत कुणी टाकलं?'

कुणी टाकलं ते मी बाराच्या पत्रात सविस्तर लिहिलं आहे. तुझ्या कार्डावर सतरा तारीख आहे, म्हणजे तोवर तरी ते तुला मिळालेलं नव्हतं. टपालखात्याचा कारभार. आणि कड दोनदा चिकटवलेली असेल तर मीच चिकटवली असेन. सत्तरीच्या बाईच्या हाताला कंप असतो. तुला डिंकात सुद्धा नवरा दिसतो.

बुधवारी बारक्याला लस द्यायला डॉक्टरीण आली होती. जनावरांची. गुडघ्यावर फाटलेली पँट (फॅशनने फाटलेली, गरिबीने नव्हे), तोंडात च्युइंगगम, वय तुझ्याहून कमी.

"काकू, तक्ता एक नंबर ठेवलाय हं!"

"मी तुझी काकू नाही. आणि हा तक्ता मी तू जन्मायच्या आधीपासून ठेवते आहे."

"बरं आजी."

म्हटलं काकूच बरी.

लघवी मी आधीच तपासायला पाठवली होती, तिचा निकाल तिने आणला. स्वच्छ. संसर्ग नाही, खडा नाही, साखर नाही. मग त्याला टेबलावर घेऊन चाचपू लागली आणि एका जागी तिची बोटं थांबली. उजव्या कुशीत. गम चघळायची थांबली.

"ही बरगडी मोडून जुळली आहे, काकू. पडला होता का कुठे?"

"माझ्याकडे नाही."

"मग? साधारण महिनाभरापूर्वीचं दिसतंय."

"पिल्लं पडतातच," मी म्हटलं.

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्याचा मला फार राग आला. मग तक्ता पुढे ओढून म्हणाली, "बरगडी मोडेल इतक्या उंचावर हे एवढंसं पोर चढेल कसं? काकू, तुम्ही वेळ लिहिलीत, काय खाल्लं ते लिहिलंत. घरात कोण होतं ते नाही लिहिलं." आणि माझ्या तक्त्यावर, माझ्या पेनने, मला न विचारता चौथा रकाना आखला. वाकडा. "ही चमचाभर जी करतो ना, ती शू नसते. मोठ्यापुढे लहान कुत्रं असं करतं. म्हणजे काय, की मी शरण आहे, मारू नकोस."

"माझ्या घरात कुत्र्याला कुणी मारत नाही."

"मी कुठे म्हटलं तुमच्या घरात?"

शिक्षण वाढलं की जिभेला हाड राहत नाही. चौथा रकाना मी भरणार आहे, पण तिचं म्हणणं चुकीचं आहे हे दाखवायला. भरला की तिच्या हातात ठेवीन.

परवा जावई आला होता. चहा झाल्यावर टेबलाकडे बघून म्हणाला, "आज पत्र नाही वाटतं?" मी म्हटलं नाही. "तिचं आलं का?" मी म्हटलं, आलं असतं तरी सांगितलं नसतं. हसला. "बरोबर आहे. तुमच्याकडून शिकण्यासारखं आहे, आई." आणि टेबलावरचा कागद दाबायचा काचेचा ठोकळा उचलून, खालचा टीपकागद सरळ करून, ठोकळा होता तसा ठेवला. त्याला वाकडं काही बघवत नाही.

हे पत्र मी स्वतः पेटीत टाकणार आहे. गुडघा गेला खड्ड्यात. तुझं खरं आहे म्हणून नव्हे. तुझं तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून.

मम्मी


३ मार्च, मंगळवार

ठमे,

आधी पूर्ण वाच, मग मला काय म्हणायचं ते म्हण.

मागचं पत्र मी पेटीत टाकलेलं नाही. चप्पल घालून, कठडा धरून खाली निघाले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो उभा होता. चढत नव्हता, उतरत नव्हता. उभा होता. "आई! गुडघा असा असताना? द्या इकडे." नको म्हणायला मी तोंड उघडलं आणि माझा हात रिकामा होता. वर मी आभार मानले. सवयीने. आम्हाला ते फार लहानपणी शिकवतात.

बारा तारखेचं तुला मिळालं नाही, एकवीसचंही मिळालेलं नसणार. माझी पत्रं आधी वहीत कच्ची लिहिलेली असतात. दोन्हींची पानं फाडून यासोबत देते आहे. आईने काय काय केलं ते क्रमाने वाच.

आता चौथा रकाना. जसा आहे तसा उतरवते.

बावीस तारीख, सकाळी अकरा पाच. ओल. जावई, घंटा अकरा सहाला. चोवीस, दुपारी चार. शिंपीणबाई आली, कोरडा. तिची चप्पल पळवली. पंचवीस, नळ दुरुस्तीवाला, हातोडा आपटत होता, मोठमोठ्याने शिव्या घालत होता. कोरडा. सव्वीस, डॉक्टरीण, दुसरी सुई. सुई टोचणारीचं तोंड चाटलं. कोरडा. सत्तावीस, सकाळी दहा दहा. कुणी नाही. ओल, तोंड दाराकडे. एक मार्च, साडेपाच. जावई, घंटा पाच एकतीसला. ओल आधी, घंटा नंतर.

दोन ठिकाणी 'कुणी नाही' होतं, सत्तावीसला आणि आधीच्या त्या शुक्रवारी. त्यांच्या आधारावर मी डॉक्टरणीला खोटं पाडणार होते. काल शिंपीणबाई मशीनचं तेल मागायला वर आली. म्हणाली, "तुमचे जावई काय हो, शुक्रवारी अर्धा तास तुमच्या दाराबाहेर उभे! मला वाटलं तुम्ही घरी नाही. म्हटलं आत येऊन बसा, तर म्हणाले नको, आईंची झोपमोड नको. किती जपतात नाही तुम्हाला? महिन्याभरापूर्वी पण असेच उभे होते एकदा."

मी तेल दिलं. दार लावून घेतलं. दोन्ही 'कुणी नाही' खोडले आणि वर नाव लिहिलं.

आज सकाळी तो आला. बारक्याने सांगितलं, मग घंटेने. मी दार उघडलं. तो आत आला, पण या वेळी 'बसू का' विचारलं नाही. टेबलाखाली बारक्या होता. त्याच्यासमोर तो उकिडवा बसला, पँटची घडी सांभाळून, हात पुढे केला आणि म्हणाला, "इकडे ये. काही करत नाही मी."

इतक्या हळू, की मला ऐकू आलं ते ओठांवरून.

बारक्या पाठीवर पडला. चारी पाय वर, डोळे मिटलेले, आणि त्याच्या पोटावरून, पायांवरून सगळीकडे ओघळ. आवाज नाही केला. मला वाटलं होतं केकाटेल. कुत्र्याने केकाटायला हवं होतं.

ठमे, हे मी पाहिलेलं आहे. बायकांच्या वॉर्डात, भेटीच्या वेळेला. दारातून नवरा आत आला की काही खाटांवरच्या बायका अशाच निपचित व्हायच्या. दाखल करताना त्यांच्या कागदावर मीच लिहायचे, 'जिन्यात पडली.' आणि त्या ओळीच्या शेवटी पेन्सिलीने बारीक फुली करायचे, मोठ्या डॉक्टरांना समजावं म्हणून. आमची दोघांची खूण होती. चौतीस वर्षांत किती फुल्या केल्या असतील. एकही चुकली नव्हती. परक्यांच्या लेकींवर माझी नजर चुकली नाही. तू माझ्या स्वयंपाकघरात, स्टुलावर, मनगट मांडीवर घेऊन बसली होतीस, आणि मी फुली केली नाही. तो उठून उभा राहतो, कपबशी धुतो, म्हणून. एवढ्यावर. याहून जास्त मला लिहिता येत नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

त्याने फरशी पुसली. माझंच फडकं आणून, चार घड्या घालून. मग हात धुऊन बसला आणि म्हणाला, "दात बसवणाऱ्या माणसांचे हात फार नाजूक लागत असतील ना, आई? मनगट बिघडलं तर सगळंच कठीण."

तू काय काम करतेस हे मी त्याला सांगितलेलं नाही. ते मी फक्त तुला लिहिलं होतं.

"गुरुवारी दौऱ्यावर निघतोय," म्हणाला. "दोन-तीन दिवस." आणि तुझ्या गावाचं नाव घेतलं. ते घेताना माझ्याकडे बघत होता. त्याला मी घाबरलेली हवी होते, की आनंदाने हुरळलेली, हे मला कळलं नाही. बहुतेक त्याला दोन्ही चाललं असतं.

मी चहा ओतत होते. सांडला नाही. म्हटलं, "गुरुवारी? अरे, पण गुरुवारी तर ती इकडे येते आहे."

तो कप खाली ठेवायला विसरला. "कधी ठरलं?"

"कालच पत्र आलं तिचं. संध्याकाळी पोचेल सहा-सातपर्यंत. तुला सांगू नको म्हणाली आहे, पण तुम्हा दोघांमध्ये टपाल वाहून मीही आता थकले. ये तू. समोरासमोर बसून काय ते मिटवा."

"बघू पत्र?"

"मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे. दुसऱ्याचं पत्र मी दाखवत नाही."

तो हसला. खूप वेळ. "तुम्ही खोटं बोलत नाही, आई. ही एक गोष्ट तिने तुमच्याकडून घ्यायला हवी होती."

कपबशी विसळून, पालथी घालून गेला.

त्यानंतर मी तुझ्या लॅबला फोन केला. एक बाई म्हणाली, या नावाचं इथे कुणी नाही. मी म्हटलं मी तिची आई आहे. म्हणाली, "सगळे असंच काहीतरी सांगतात." आणि ठेवून दिला. चांगली बाई आहे. तिला माझा नमस्कार सांग. पोलिसांनाही केला. तिथला म्हणाला, "आजी, त्याने केलं काय नक्की? तुमचं पत्र पोस्टात टाकलं आणि कुत्र्याला हाक मारली?" मी त्याचं नाव लिहून घेतलं आहे. पण नाव लिहून गुरुवारच्या आत काही होत नाही, आणि टपालानेही होत नाही. तेव्हा हे पाकीट हाताने येईल.

मम्मी


५ मार्च, गुरुवार, दुपारी दीड

ठमे,

हे डॉक्टरीण घेऊन येते आहे, स्वतः, तिच्या गाडीने. काल ती बाहेरगावी होती; आज आल्या आल्या मी तिला बोलावून तक्ता पुढे ठेवला आणि म्हटलं, तू बरोबर होतीस. तिने गम कागदात गुंडाळून टाकला आणि विचारलं, "किती तास लागतील तिकडे जायला?" एवढंच. तिच्या पँटबद्दल लिहिलेलं मी मागे घेते.

साडेसहाच्या आत ती तुझ्यापाशी असेल. तिच्यासोबत लगेच निघायचं. कुठे ते मला कळवू नकोस. कार्ड नको, फोन नको, दोन महिने तरी. तिच्या बहिणीच्या एका मैत्रिणीकडे सोय आहे म्हणते. मी पुढे विचारलं नाही, आणि तिने सांगायला तोंड उघडलं तेव्हा मी कानांवर हात ठेवले. मला जे माहीत नाही ते माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. सामान आवरू नकोस. दूध गॅसवर असेल तर असू दे.

माझी काळजी करून परत फिरलीस तर मी तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही. तो सहाला येईल. मी चांगली साडी नेसून, तीन कप मांडून बसेन, आणि दर पंधरा मिनिटांनी गॅलरीत जाऊन म्हणेन, 'गाडी उशिरा आलेली दिसते.' आठपर्यंत मी त्याला सहज बसवीन. भेटीची वेळ संपली तरी न उठणारे नातेवाईक मी उठवले आहेत, बसवणं त्या मानाने सोपं. आठनंतरचं आठनंतर. शिंपीणबाई साडेसातला माझी मापं घ्यायला वर येणार आहे. तिला मी काही सांगितलेलं नाही, फक्त मापं सावकाश घे म्हटलं आहे. ती म्हणाली, "अहो, तुमची मापं मला पाठ आहेत की." म्हटलं, विसर.

बारक्याला तुझ्याकडे पाठवते आहे. डॉक्टरीण नको म्हणत होती. म्हणाली, काकू, आज तरी तो इथे असू दे, निदान जिन्यात कोण आहे ते तुम्हाला कळेल. मी म्हटलं, आज कोण येणार ते मला माहीत आहे. तुझ्या दारात कोण येईल ते तुला माहीत नसेल, ठमे. आणि तो येईल तेव्हा हे पोर इथे असलेलं मला बघवणार नाही. आता टोपलीत बसला आहे, माझी एक चप्पल घेऊन. नेऊ दे.

तक्ता सोबत आहे. सकाळी उठल्याबरोबर ट्रे, खाल्ल्यावर ट्रे, खेळून झालं की ट्रे. बिस्किटाचा तुकडा लहान दे, पोट बिघडतं. लशीचा शेवटचा डोस दहा तारखेला. ट्रेबाहेर केलं तरी ओरडायचं नाही, हे तुला सांगायला नको.

चौथा रकाना आता तू भरायचास. बारक्या नीट वागत असेल, ट्रेवर जात असेल, चपला चावत असेल तर काळजी नाही. पण नुकताच जाऊन आलेला असताना, घंटा वाजलेली नसताना, तो दाराकडे तोंड करून पोटावर बसला आणि खाली ओल दिसली, तर दाराला कान लावायचा नाही, कोण आहे विचारायचं नाही. मागचा जिना कुठे आहे तो आजच बघून ठेव. त्याला उचल आणि नीघ. फरशी पुसत बसू नकोस.

मम्मी